माटोळीचा बाजार

गणपतीच्या मूर्तीचें कौतुक सर्वत्र होतें. परंतु मूर्तीच्या माथ्यावर जें हिरवें छत टांगलेलें असतें त्याचें कौतुक करावें तें गोमंतकानें आणि त्याला लागून असलेल्या सावंतवाडीच्या मुलुखानें. कोणी त्याला माटोळी म्हणतात, कोणी माटवी. लांकडी पट्ट्यांची चौकट छताला बांधावयाची, आणि तिला नारळाची पेंड, सुपारीचा घोस, केळ्यांचा घड, आंब्याचे टाळे व त्यांच्यामधून रानांतलीं फळें, फुलें आणि शेंगा टांगावयाच्या, एवढीच तिची बांधणी. तिचा शास्त्रार्थ सांगणारे पुष्कळ आहेत. आम्ही पेशानें वकील. त्यामुळें आमचें लक्ष शास्त्रार्थापेक्षां एका साध्या प्रश्नाकडे अधिक गेलें. हें सारें येतें कोठून, आणतें कोण, आणि त्याचे पैसे जातात कोणाकडे?

चतुर्थीच्या आधींचे दोन-तीन दिवस डिचोलीच्या बाजारांत फिरलें म्हणजे या प्रश्नाचें उत्तर मिळतें. आमचा सर्वण गांव कारापूर-सर्वण पंचायतींतला. डिचोलीचा बाजार आम्हांला घरच्या अंगणासारखा. एरवींच्या दिवसांत तो चार बाजारांसारखा एक बाजार असतो. पण चवथ जवळ आली कीं त्याचें रूप पालटतें. डिचोली आणि सत्तरी तालुक्यांतील गांवांतून बायका-पुरुष टोपल्या, पोतीं, भारे घेऊन येतात आणि रस्त्याच्या कडेला गोणपाट पसरून बसतात. वरून पाऊस, खालीं चिखल, आणि त्या दोहोंमध्यें डोंगराचा डोंगर विकावयास मांडलेला! असा देखावा वर्षांतून एकदांच दिसतो.

हा बाजार केवळ पूजासाहित्याचा आहे असें कोणी समजूं नये. तो जाणत्या खवय्यांचा बाजार आहे. माटोळींत मिरवणारा आंबाडा पुढें रायत्यांत किंवा उडदमेथींत उतरतो. हळदीचीं पानें येतात तीं पातोळ्यांसाठीं. त्या पानाच्या वासावांचून पातोळी म्हणजे नुसती वाफवलेली पिठाची वडी. मोठें पिवळें तवशें तवसळीसाठीं, नीरफणस कापांसाठीं, चिबूड गुळखोबऱ्यासाठीं, फागलां परतावयासाठीं. हिरव्या तिरफळांचे घोस आले नाहींत तर नैवेद्याच्या खतखत्याला खतखतें कोण म्हणेल? कांदा-लसणाला हात न लावतां इतक्या भाज्या एका भांड्यांत एकजीव करणें ही आमच्या घरांतल्या बायकांची विद्या. पण त्या विद्येचा अर्धा अधिक भाग बाजारांतच पुरा होतो. कोणतें तिरफळ कोवळें, कोणता आंबाडा जून, कोणतें तवशें डोंगरउतारावरचें आणि कोणतें खालच्या मळ्यांतलें, हें हातांत घेऊन, वास घेऊन ठरवणाऱ्या आमच्या मातोश्री आम्हांला कोणत्याही न्यायाधीशापेक्षां कमी साक्षेपी वाटल्या नाहींत.

आणि जें मुळींच खातां येत नाहीं, तेंही येथें मानानें विकलें जातें, हें विशेष. लालभडक कवंडळ दिसावयास सुंदर, चवीला कडू. पिवळ्या घोसांचीं कांगलां, वाळल्यावर खुळखुळणाऱ्या घागऱ्या, पोटाच्या विकारांवर घरगुती औषध म्हणून ठाऊक असलेल्या कुड्याच्या जोडशेंगा, यांना एरवीं बाजारांत किंमत नाहीं. ज्या वस्तूचा माणसाच्या पोटाला उपयोग नाहीं तिलाही देवाच्या माथ्यावर जागा असावी, असें ठरवणारे आमचे पूर्वज नुसते भाविक नव्हते, ते शहाणे होते. ज्याला जागा आहे त्याचें नांव विसरत नाहीं, आणि ज्याचें नांव विसरत नाहीं तें झाड सहसा तोडलें जात नाहीं.

एका वर्षीं कांगलां घेऊन बसलेल्या एका वृद्ध बाईला आम्हीं विचारलें, “मावशे, हीं कांगलां खंयचीं?” ती म्हणाली, “आमच्या दोंगराचीं, वकीलबाब. काल सांजेर काडलीं. अर्दीं झाडार दवरल्यांत. फुडल्या वर्साक नाकात?” आमच्या धंद्यांत मालकी आणि उपभोग यांतील भेद शिकवण्यासाठीं ग्रंथ लिहिले गेले आहेत. फळ घ्यावें, मूळ राखावें, दुसऱ्याच्या हक्कास बाध येऊं देऊं नये, हें त्या ग्रंथांचें सार. त्या बाईनें तें सार एका वाक्यांत सांगितलें, आणि तिच्या दृष्टीनें तो दुसरा हक्कदार होता पुढल्या वर्षींचा गणपति.

आतां पैशांचें पाहूं. गोमंतकांत रोजची भाजी बहुतांशीं घाटावरून, बेळगांवकडून येते. घाटांतला रस्ता एखाद्या पावसांत बंद झाला कीं आमच्या स्वयंपाकघरांत चिंता उभी राहते. यांत बेळगांवकडच्या शेतकऱ्याचा दोष नाहीं. तो कष्ट करतो आणि आम्हांला जेवूं घालतो. परंतु वर्षाचे बाकीचे दिवस आपण आपल्या भाजीवाल्या गांवांना विसरलेले असतों, आणि चवथीच्या दोन दिवसांत मात्र आपल्याला आपल्याच डोंगराची आठवण होते. कारण माटोळी दुसरें कांहीं चालवून घेत नाहीं. बटाटा तिच्यावर टांगतां येत नाहीं. त्या दोन-तीन दिवसांत खेडेगांवांतील एखाद्या घराला जो रोख पैसा मिळतो तोच त्या घराची चवथ साजरी करतो. मुलांचे कपडे, गूळ, तेल, माटोळीखालची मूर्ति, हें सारें कांगलां-कवंडळांतून उभें राहतें. शहरांतल्या भाविकाची पूजा आणि खेड्यांतल्या भाविकाची पूजा यांना जोडणारा पूल तो हा बाजार.

या पुलाला दोन ठिकाणीं तडे गेलेले आम्हांला दिसतात. पहिला तडा मध्यस्थाचा. पहांटे गाड्यांतून माल उतरवून घ्यावयाचा, खेड्यांतून आलेल्या बाईला गर्दीची आणि परतीच्या बसची भीति घालून तिचा भारा पडत्या भावांत घ्यावयाचा, आणि तोच माल दहा पावलांवर दुप्पट दरानें विकावयाचा, हा व्यवहार नवा नाहीं. दुसरा तडा जागेचा. आमच्या नगरपालिकांत बाजारांत बसणाऱ्याकडून सोपो नांवाचा कर घेतला जातो. कर घेण्यास आमचा विरोध नाहीं. परंतु एका बाजारगांवीं, ज्याचें नांव येथें सांगण्याचें प्रयोजन नाहीं, एकाच टोपलीवर सकाळीं आणि दुपारीं असा दोनदां सोपो वसूल झालेला आम्हीं पाहिला. पावती मागितली तेव्हां वसूल करणारा गर्दींत दिसेनासा झाला. टोपली विकून किती मिळणार आणि त्यांतून किती जाणार, हा हिशोब त्या बाईनें कोणापुढें मांडावा?

कायद्याकडे पाहावें तर कायदा अगदींच मुका नाहीं. 2014 सालीं संसदेनें रस्त्यावरील विक्रेत्यांच्या उपजीविकेच्या संरक्षणाचा कायदा केला. परंपरेनें जेथें विकणारे आणि घेणारे जमतात त्या जागेला त्यानें ‘नैसर्गिक बाजार’ असें नांव दिलें. आणि जो नैसर्गिक बाजार पन्नास वर्षांहून अधिक काळ भरत आला आहे तो वारसा-बाजार म्हणून जाहीर करावा, तेथल्या विक्रेत्यांना हलवूं नये, असें त्याच्या परिशिष्टांत सांगितलें. माटोळीच्या बाजाराला हें वर्णन अंगच्या कपड्यासारखें बसतें. पण पुढें वाचावें तों अडचण उभी राहते. या कायद्याखालीं विक्रीचा परवाना घेणाऱ्यानें असें लिहून द्यावयाचें असतें कीं, मला उपजीविकेचें दुसरें साधन नाहीं. आमची कांगलांवाली मावशी हें कसें लिहून देणार? तिच्या उपजीविकेचें साधन शेत आहे, कुळागर आहे. बाजारांत ती वर्षांतून तीन दिवस येते. खोटें लिहून दिल्यास तिचा धर्म जातो, खरें लिहून दिल्यास परवाना जातो. शिवाय हा कायदा नगरांचा आहे. डिचोलीच्या रस्त्यावर ती बसली तर त्याची थोडी सावली तिच्यावर पडूं शकते. सर्वणच्या रस्त्यावर बसली तर तीही नाहीं. ज्यांच्यासाठीं कायदा झाला तो नगरांतला नित्याचा फेरीवाला. ऋतूबरोबर येणारी आणि ऋतूबरोबर जाणारी शेतकरीण कायदा करणाऱ्यांच्या डोळ्यांपुढें नव्हती.

दुसरा एक कायदा 1999 चा, भौगोलिक निर्देशांचा. त्यानें एखाद्या प्रदेशाच्या नांवानें ओळखल्या जाणाऱ्या वस्तूचें नांव त्या प्रदेशाच्या उत्पादकांसाठीं राखून ठेवलें. गोमंतकाच्या फेणीला 2009 सालीं हें संरक्षण मिळालें. काणकोण तालुक्यांतल्या खोलाच्या मिरचीला 2019 सालीं. त्यानंतर पेडण्याच्या बाजूची हरमलची मिरची, मयड्याचें केळें, आणि आपल्या प्रत्येक जत्रेंत ज्याची पुडी घेतल्यावांचून आपण घरीं परतत नाहीं तें खाजें. आणि 2023 सालीं मानकुराद आंबा. या कायद्यांतली एक गोष्ट आम्हांला फार आवडते. असा नोंदलेला हक्क कोणाला विकतां येत नाहीं, गहाण ठेवतां येत नाहीं. खाजें करणाऱ्यांचें नांव कोणी धनिक उद्यां विकत घेऊं म्हणेल तर तें त्याला मिळणार नाहीं. हक्क सर्वांचा, म्हणून एकट्या कोणाचा नाहीं, हें तत्त्व आमच्या गांवकारीच्या परंपरेला परकें नाहीं. परंतु नांव राखलें म्हणून विकणारी राखली जातेच असें नाहीं. हरमलच्या मिरचीचें नांव नोंदवहींत सुरक्षित आहे. ती पिकवणारीला बाजारांत बसावयास कोरडी जागा आहे कीं नाहीं, तें नोंदवहींत लिहिलेलें नसतें.

आणि बाजारामागें डोंगर आहे, हें तर विसरतां येतच नाहीं. डिचोली तालुक्यानें लोहखनिजाच्या खाणी पुष्कळ पाहिल्या. 2012 सालीं त्या थांबल्या, मग पुन्हां सुरू झाल्या, 2018 सालीं सर्वोच्च न्यायालयाच्या निकालानें पुन्हां थांबल्या, आणि 2024 सालीं या तालुक्यांत खाणीचें काम पुन्हां चालू झालें. खाणीवर ज्यांचें घर चालतें तेही आमचेच शेजारी आहेत. त्यांच्या पोटाचा प्रश्न आम्ही हलका मानीत नाहीं. पण वकिलाला हिशोबाच्या दोन्ही बाजू मांडाव्या लागतात. खणलेल्या डोंगरावर कवंडळाचा वेल पुन्हां चढावयास किती पावसाळे जावे लागतील, हा आंकडा कोणत्याही ताळेबंदांत धरला जात नाहीं. दुसरा धोका आपल्या भक्तींतूनच येतो. कला व संस्कृति संचालनालयाच्या माटोळी स्पर्धेनें या कलेला मान मिळवून दिला, विसरलेलीं नांवें पुन्हां ओठांवर आणलीं, ही चांगली गोष्ट. पण वस्तूंची संख्या वाढवण्याच्या ईर्ष्येनें दुर्मिळ झाडाचा शेवटचा घोस ओरबाडून आणला, तर पुढल्या वर्षींच्या माटोळींतून आपणच एक नांव कमी केलें असें होईल. माटोळीची थोरवी तिच्यांतल्या वस्तू मोजून ठरत नाहीं. त्या वस्तू पुन्हां उगवतील अशा बेतानें तोडल्या कीं नाहींत, यावरून ती ठरते.

हें मासिक देवस्थानांचे महाजन, पुजारी, सेवेकरी वाचतात, म्हणून आमचें म्हणणें त्यांच्यापुढेंच मांडतों. आमचीं देवस्थानें आजही 1933 च्या महाजनीच्या नियमांखालीं चालतात. त्यांचा कारभार महाजनांच्या हातांत आहे, आणि जेथें नगराचा कायदा पोंचत नाहीं तेथें देवस्थानाची अग्रशाळा आहे. चवथीच्या आधींचे तीन दिवस गांवच्या देवळानें अग्रशाळेची ओसरी किंवा मंडपाचा एक कोपरा आपल्या पंचक्रोशींतल्या विकणाऱ्यांना उघडा करून द्यावा. भाडें घेऊं नये, सोपो घेऊं नये. अट एकच असावी : जो माल आणील त्यानें तो स्वतः, किंवा आपल्या घरच्या माणसानें, तोडलेला वा पिकवलेला असावा. एवढ्यानें मध्यस्थ बाहेर राहतो, पाऊस बाहेर राहतो, आणि ज्या देवाच्या माटोळीसाठीं हें सारें चाललें आहे त्याच्याच दारांत त्या माटोळीची विक्री होते. मोठ्या बाजारालाही यानें धक्का लागणार नाहीं. उलट तेथें गर्दी कमी होईल.

यासाठीं ठराव पुरतो, निधि लागत नाहीं. महाजनांच्या सभेंत दहा मिनिटें लागतील. गिऱ्हाईक म्हणून आपल्यावर पडणारा भार त्याहूनही हलका आहे. सोनाराकडे भाव न करणाऱ्या आपण गृहस्थांनीं दोन फागलांसाठीं घासाघीस करूं नये, आणि सुटे पैसे नाहींत म्हणून परत केलेली नोट तिच्या हातावर तशीच ठेवावी. घरीं माटोळी बांधतांना मुलांना प्रत्येक फळाचें नांव सांगावें. आणि त्याबरोबर तें कोणत्या गांवच्या डोंगरावरून आलें, कोणी तोडलें, हेंही सांगतां येईल इतकी चौकशी बाजारांत करून यावें.