ताजमधला ट्रंपेट

अकलोलीहून मुंबईला जाणारे आम्ही गेटवे बघून परततो. यंदा मी समोरच्या ताजमध्ये शिरलो, चहाला. (दर विचारू नका.) १९३५ साली लिऑन ॲबीचा अमेरिकी जॅझ बँड इथं वाजला, पुढे गोव्याचा चिक चॉकलेट. मग १९४९चा दारूबंदी कायदा आला. पिणाऱ्याला परवाना लागू लागला. तो आजही लागतो, मागतं कोण? पेल्यांवर चालणारा धंदा आटला, वादकांना सिनेमाच्या स्टुडिओंचाच आधार उरला. आमच्या घरात दारू हरामच. तरी त्यांची भाकरी गेली हे मला बोचतं. १९५१च्या ‘अलबेला’त सी. रामचंद्रांच्या साथीला चिक चॉकलेटच होता. अब्बा ती गाणी रेडिओवर ऐकत. ट्रंपेट वाजला की आवाज वाढवायचे.