गुलामी नको, पण काळा माणूसही नको!

अमेरिकेतील गुलामगिरी म्हटली की आपल्याला दोनच बाजू दिसतात. एक गुलाम राखणारे, दुसरे गुलामी मोडणारे. महात्मा फुल्यांनी १८७३ मध्ये आपला 'गुलामगिरी' हा ग्रंथ या दुसऱ्या बाजूच्या अमेरिकन लोकांना अर्पण केला, याचा आम्हाला अभिमान आहे. पण या दोघांच्या मध्ये एक तिसरा माणूस उभा होता. त्याची ओळख करून घेतलीच पाहिजे.

पीटर बर्नेट. जन्म १८०७, टेनेसी. पुढे मिसूरीच्या सरहद्दी मुलखात वकिली. तुरुंगात डांबलेल्या मॉर्मन पुढाऱ्यांचे वकीलपत्र त्याने घेतले होते. म्हणजे अन्याय त्याला कळत नव्हता, असे कुणी म्हणू नये. १८४३ मध्ये तो गाड्यांच्या तांड्यासोबत ओरेगॉनला गेला. दुसऱ्याच वर्षी तिथल्या कायदेमंडळात त्याने गुलामीला बंदी घालणारा कायदा पुढे नेला. त्याच कायद्यात काळ्या पुरुषांनी दोन वर्षांत आणि स्त्रियांनी तीन वर्षांत प्रदेश सोडावा, नाहीतर चाबकाचे फटके, असे कलम होते! फटक्यांची तरतूद अमलात येण्यापूर्वीच बदलली, वृत्ती मात्र टिकली. १८५७ मध्ये ओरेगॉनच्या मतदारांनी गुलामी नाकारली आणि त्याच मतदानात काळ्यांना प्रवेशही नाकारला. ते कलम राज्यघटनेतून जायला १९२६ साल उजाडले.

बर्नेट पुढे कॅलिफोर्निया राज्याचा पहिला गव्हर्नर झाला. मूळनिवासी नामशेष होईपर्यंत युद्ध चालणारच, असे त्याने १८५१ च्या संदेशात विधिमंडळाला सांगितले. १८५८ मध्ये न्यायमूर्ती म्हणून त्याच्यासमोर आर्ची ली या काळ्या तरुणाचा खटला आला. कायदा मालकाच्या बाजूने नाही, हे निकालात मान्य केले. तरीही मालक तरुण, अननुभवी आणि आजारी म्हणून आर्चीला त्याच्याच हवाली केले! आर्ची पुढे सुटला, तो तिथल्या काळ्या समाजाने पैसा उभा करून लढा चालू ठेवला म्हणून.

बर्नेट आम्हाला ओळखीचा वाटतो. भाड्याचे घर शोधताना "आम्ही जातपात मानत नाही हो" म्हणणाऱ्यांनीच आमचे आडनाव ऐकल्यावर "खोली कालच दिली" असे सांगितले आहे. हे लोक अत्याचाराच्या विरोधात असतात, शेजाराच्या नाही. पण शेजार नाकारणारी मुक्ती ही मुक्ती नव्हे, ती सभ्य भाषेतली हद्दपारी आहे.

तेव्हा कुणी "मी भेदभावाच्या विरोधात आहे" म्हणाला, तर टाळ्या वाजवण्याआधी त्याला एकच प्रश्न विचारा: तुमच्या शेजारी कोण राहतो?