प्रसादाचे केळे

देवापुढचे फळ कोणाला नाकारायचे नाही, आणि कोणी नाकारलेले खपवूनही घ्यायचे नाही, अशी जुन्या इंदुरातील आमच्या घराची रीत आहे. माणसे, गायी, वानरे आणि कावळे यांनी ती आजवर निमूटपणे पाळली. तिच्यावर पहिली हरकत आली ती दोन गिनीपिगांची; आणि त्यांचे वकीलपत्र अनायासे माझ्याकडे आले.

हे प्राणी माझ्या पुतणीने हट्टाने आणवलेले. ससे म्हणावेत तर कान आखूड, उंदीर म्हणावेत तर शेपूट नाही. नावात गिनी असून आफ्रिकेशी त्यांचा संबंध नाही, आणि पिग असून डुकराशी नाते नाही. कूळ दक्षिण अमेरिकेतील अँडीज पर्वतातले. तिकडच्या लोकांनी हजारो वर्षांपूर्वी त्यांना माणसाळविले ते मांसासाठी, ही गोष्ट आत्याला सांगण्याचे धैर्य मला अद्याप झालेले नाही.

आत्याचे वय ऐंशी. सकाळी पूजा आटोपून तिने तबक उचलले की त्या आवाजासरशी हे दोघे शीळ घालू लागत. भक्ष्याची चाहूल लागली की असे ओरडणे हा त्या जातीचा स्वभावच आहे. पण आत्याच्या मते ती आरतीची साथ होती. साथीदारांना प्रसाद नको का? मग अर्धे केळे, चिकूची फोड, चार द्राक्षे, खोबऱ्याचा तुकडा. श्रावण लागला तशी घरात फळांची रास वाढली आणि साथीदारांची बिदागीही वाढली. श्रावणाच्या तिसऱ्या आठवड्यात त्यांतील एक जण अंग फुगवून कोपऱ्यात बसला. त्याला पातळ होऊ लागले आणि त्याने खाणे टाकले.

डॉक्टरांनी प्रथमच बजावले की गिनीपिगाने अन्न सोडले तर ‘उद्या पाहू’ म्हणण्याची सोय नसते. त्याचे आतडे अखंड चालते राहावे लागते. ते थांबले की दिवसा-दोन दिवसांत प्राण जातात. उपाशी राहून पोटाला विसावा देणे हा आपला एकादशीचा न्याय तिथे लागू नाही. वाळल्या गवताची पूड पाण्यात कालवून, बिनसुईच्या पिचकारीने दर काही तासांनी भरवीत पुतणीने तीन रात्री जागून काढल्या. चौथ्या दिवशी त्याने गवताची एक काडी आपण होऊन ओढली.

मराठीत घास म्हणजे तोंडात घालावयाचा कवळ; आमच्या इंदुरी हिंदीत घास म्हणजे गवत. या प्राण्यापुरता हिंदीचाच अर्थ खरा. त्याच्या मोठ्या अंधांत्रात असंख्य सूक्ष्म जीव नांदतात, ते गवताचा चोथा आंबवून त्याला पोसतात. साखरेचा मारा झाला की तो संसार विस्कटतो, वायू धरतो; आणि या प्राण्याला वांती होत नसल्यामुळे पोटात गेलेले परत येण्याची वाटच नाही. शिवाय त्याचे दात जन्मभर वाढतात, ते झिजावयाचे ते गवत चावूनच.

तरी फळ हा त्याचा वैरी नव्हे. १९०७ साली होल्स्ट आणि फ्रोलिश या दोन नॉर्वेजियन संशोधकांनी गिनीपिगांना नुसत्या धान्यावर ठेवले, तेव्हा त्यांना खलाशांचा स्कर्व्ही रोग जडला. गाय, बकरी, कुत्रा हे क जीवनसत्त्व स्वतःच्या देहात बनवितात. माणसाला आणि गिनीपिगाला ते साधत नाही. इतक्यापुरते ते आपले भाऊबंद. वजनाच्या प्रत्येक किलोमागे रोज १० ते ३० मिलिग्रॅम एवढी त्यांची गरज. ती सिमला मिरची आणि हिरव्या पाल्याने भागते. फळांत पेरू उत्तम. इंदुरात त्याला ‘जाम’ म्हणतात, आमचे कोकणी स्नेही ‘पेर’ म्हणतात. अँडीजच्या पाहुण्याला पेरूच मानवावा हे गमतीचे खरे. त्याच्या १०० ग्रॅमांत २०० मिलिग्रॅमहून अधिक क जीवनसत्त्व असते, केळ्यात दहाही नाही. मात्र फळ कोणतेही असो, अंगठ्याच्या नखाएवढी फोड, आठवड्यातून एकदा-दोनदा; सफरचंद असल्यास बिया काढून. खजूर, खोबरे, पेढा, पंचामृत यांचे नावही नको.

हे सारे मी आत्याला समजावले. तिने ऐकून घेतले आणि म्हणाली, “देवाचा प्रसाद कधी कुणाला बाधलाय का रे?”

यावर कायद्यात उत्तर नाही. १९६० च्या प्राणी-क्रूरता-प्रतिबंधक अधिनियमाच्या ११ व्या कलमात पुरेसे अन्न न देणे हा गुन्हा आहे. जास्त देणे त्यात कोठेच नाही. अपायकारक पदार्थ बुद्ध्या व अवाजवीपणे देणे हा गुन्हा खरा, पण आत्याच्या केळ्यात ‘बुद्ध्या’ काय ते प्रेमच होते. खटला उभाच राहीना.

म्हणून मी अहल्याबाईंना साक्षीला बोलाविले. सर जॉन माल्कमने १८२३ सालच्या आपल्या मध्य हिंदुस्थानविषयक ग्रंथात लिहून ठेवले आहे की उन्हाळ्यात महेश्वराजवळ नांगराचे बैल थांबवून बाईंचा सेवक त्यांना पाणी पाजी. नर्मदेतील माशांनाही त्यांचा वाटा मिळे. शेतकरी पिकावरून पाखरे हाकलतात ते योग्यच आहे, असे म्हणून बाईंनी पाखरांसाठी निराळी शेते विकत घेतली होती.

“बैलाला पाणीच पाजले ना बाईंनी? पेढा नाही दिला,” मी म्हणालो.

आत्या बराच वेळ वाती वळीत राहिली. मग म्हणाली, “मग या दोघांना काय द्यावं, तेवढं सांग.”

उत्तर आमच्या परसातच होते. गणपतीच्या जुड्यांसाठी साठ वर्षे ती ज्या दूर्वा खुडते, त्या या प्राण्यांना उत्तम मानवतात. अट एवढीच की वाहिलेली जुडी द्यावयाची नाही, कारण तिला शेंदूर-कुंकू लागलेले असते. आणि रस्त्याकडेच्या किंवा औषध फवारलेल्या जागेतल्या दूर्वा नकोत. आता आत्या पहाटे दोन ढीग खुडते, एक देवाचा आणि एक साथीदारांचा. दोन्ही ढीग धुते, पण निवडताना दुसऱ्याला वेळ अधिक लागतो असे माझे निरीक्षण आहे.

केळ्यांचा प्रश्न उरला होता. ती सध्या माझ्या ताटात येतात, आणि माझ्या बाजूने हरकत घ्यायला घरात दुसरा वकील नाही.