911 की 912?

आमच्या डॉर्मिटरीत दिवे मालवेपर्यंत एक वाद रंगतो : पोर्शची जुनी 911 भारी की 912? दोन्ही 1960च्या दशकातल्या, दिसायला जवळजवळ सारख्या, दोन्हींची इंजिने मागे आणि हवेने थंड होणारी. पण 911ला सहा सिलिंडर, 130 अश्वशक्ती. 1965च्या 912ला चार सिलिंडर, 90. म्हणून आज 911ला कितीतरी जास्त किंमत मिळते. मीही तिच्याच बाजूचा.

यंदा हाउस कॅप्टनच्या यादीत माझे नाव नव्हते. त्या रात्री प्रथमच 912चा विचार केला. इंजिन हलके, म्हणून मागचा भार कमी; वळणावर ती अधिक समतोल राहते. किमतीच्या पाटीवर हे लिहिलेले नसते.

सकाळी पीटीपूर्वी नव्या कॅप्टनचे अभिनंदन केले. आता वादात मी 912च्या बाजूने बोलतो.