माथेरानच्या घोड्याची गव्हाण

मैत्रिणींनो, सुटीत माथेरानचा बेत आहे ना? मोटार दस्तुरी नाक्यावरच ठेवायची. तिथून पुढच्या लाल मातीच्या वाटेवर मुलं घोड्यासाठी हट्ट धरणारच. पण हा घोडा तबेल्यात खातो कसा, हे कधी पाहिलंत?

घोडा एवढा थोरला, पण जठर लहान. त्यात आम्लरस सारखा पाझरतो, म्हणून त्याला थोडंथोडं गवत दिवसभर चघळायला हवं. ते जमिनीवर टाकलं तर तुडवलं जातं, मुतात भिजतं, मातीही पोटात जाते. घोड्याला उलटी होत नाही. पोटशूळ उठला तर जिवावर बेततं. आणि घोडा गेला की घोडेवाल्याच्या घरची चूल थंडावते!

उपाय घरगुती आहे. बाजाराची जाळीदार पिशवी विणतो ना, तशीच जाड दोरीची मोठी पिशवी विणायची. भोकं दोनेक इंचांची, म्हणजे घास बेताचा निघतो, गवत पुरतं. रिकामी झाल्यावरही तिचा तळ घोड्याच्या छातीच्या वर राहिला पाहिजे, नाहीतर पाय नि नाल त्यात गुंतते. गाठ एका हिसक्यात सुटेल अशी मारावी.

जुन्या फळ्यांची गव्हाणही चालते. छातीच्या उंचीवर, कोपऱ्यात पक्की ठोकावी. खिळ्याचं टोक बाहेर राहू देऊ नये, तळाशी फटी ठेवाव्यात, म्हणजे धूळ गळून जाते. भरडलेल्या चण्यासाठी तोबरा वेगळा.

यंदा घोड्यावर बसण्याआधी विचारा, “दादा, याला गवत कशात घालता?” आणि मुलांच्या हातची बिस्किटं मात्र त्याला देऊ नका बरं का!