टस्कीगी : एका कापूसगावाची दुकाने आणि शाळा

अमेरिकेच्या दक्षिण भागातील अलाबामा राज्यात, मॉन्टगोमेरी या राजधानीच्या पूर्वेस सुमारे ६० किलोमीटर अंतरावर टस्कीगी हे लहानसे गाव आहे. मेकन परगण्याचे हे मुख्य ठिकाण. मध्यभागी चौक आणि चौकाच्या बाजूंनी दुकाने, अशी दक्षिणेतील परगण्याच्या गावांची ठरलेली मांडणी येथेही दिसते. विसाव्या शतकाच्या आरंभी मुख्य रेल्वेमार्ग गावाला टाळून चीहॉ या स्थानकावरून जात असे. तेथून गावापर्यंतच्या काही मैलांसाठी एक छोटी शाखा होती. परगण्यातील दर पाच माणसांपैकी चारांहून अधिक कृष्णवर्णीय होते. गुलामगिरी कायद्याने संपली त्याला तेव्हा अवघी पस्तीस-चाळीस वर्षे झाली होती. जमीन मात्र बहुतांशी जुन्या मालकांकडेच राहिली, आणि ती कसणारे हात पूर्वीचेच राहिले.

अशा गावाचा व्यवहार समजून घ्यायचा तर प्रथम त्याच्या दुकानांकडे पाहिले पाहिजे. आपल्यासारख्या पेढी आणि वखारीच्या परंपरेत वाढलेल्या वाचकांना ती दुकाने फारशी परकी वाटणार नाहीत. एकाच छताखाली मक्याचे पीठ, काकवी, मीठ, घासलेट, कापडाचे तागे, जोडे, नांगराचे फाळ आणि खताची पोती. मागच्या बाजूला खातेवही. आसपास लोहार, चाके बांधणारे सुतार, घोड्यांचा साज शिवणारे कारागीर आणि कापसातून सरकी वेगळी करणारे जिन. शनिवारी खेड्यांतून खेचरांच्या गाड्या येत आणि चौक भरून जाई. सप्टेंबरपासून वेचणी सुरू झाली की सर्व गावाचे लक्ष एका गोष्टीकडे लागे : कापसाचा भाव.

शेतकऱ्याजवळ रोख पैसा वर्षातून एकदाच येत असल्यामुळे वसंत ऋतूत पेरणीच्या वेळी दुकानदार त्याला वर्षभराचे सामान उधार देई आणि तारण म्हणून अजून जमिनीतून वर न आलेले पीक लिहून घेई. या पद्धतीत वस्तूंना दोन भाव असत, एक रोखीचा आणि एक उधारीचा. त्यावर पुन्हा व्याज निराळे. बँकेच्या कर्जखात्यात आयुष्य गेलेल्या माणसाची दृष्टी येथे साहजिकच आकडेमोडीकडे वळते. समजा, रोखीने १० डॉलरला मिळणारे सामान उधारीत साडेबारा डॉलरला लिहिले गेले आणि त्याची फेड सहा महिन्यांनी झाली, तर कागदावर व्याजाचा एक आकडाही न लिहिता वर्षाला ५० टक्के दर पडला. व्याज दिसत नसे, कारण ते भावातच मुरलेले असे.

यात सर्व दोष दुकानदाराच्या पदरी घालणेही न्यायाचे होणार नाही. तो स्वतः घाऊक व्यापाऱ्याचा आणि बँकेचा ऋणको असे. १९१४ साली युरोपात महायुद्ध पेटले, निर्यात अडली आणि कापसाचा भाव काही आठवड्यांत जवळजवळ निम्म्यावर आला. त्या वर्षी शेतकऱ्याबरोबर त्याचा सावकारही बुडाला. परंतु या साखळीचा सर्वांत वाईट परिणाम असा की, कापूस केव्हाही विकला जातो म्हणून दुकानदार कापूसच लावण्याचा आग्रह धरी. त्यामुळे ज्याच्या दारात सुपीक जमीन होती तो शेतकरी खाण्याचे धान्यही दुकानातून, उधारीच्या भावाने आणी. हंगामअखेर हिशेब होई तेव्हा खातेवहीत काय लिहिले आहे हे त्याला वाचता येत नसे. दुकानदार सांगेल तो आकडा खरा, आणि बाकी पुढच्या वर्षावर.

या गावातील शाळेचे महत्त्व येथे ध्यानात येते. अक्षरओळख हा तेथील गरिबाला शोभेचा अलंकार नव्हता. आपल्या नावावर किती लिहिले गेले हे स्वतःच्या डोळ्यांनी पाहता येणे, हा तिचा पहिला उपयोग होता.

टस्कीगीची प्रसिद्ध शिक्षणसंस्था ४ जुलै १८८१ रोजी सुरू झाली. तिच्या स्थापनेमागे गावातील दोन माणसे होती आणि दोघेही धंद्यातली. लुईस अॅडम्स हे पूर्वी गुलाम असलेले कारागीर. पत्र्याची भांडी, जोडे आणि घोड्यांचा साज हा त्यांचा व्यवसाय. जॉर्ज कॅम्पबेल हे गोरे व्यापारी आणि पेढीवाले, स्वतः एके काळी गुलामांचे मालक. निवडणुकीत कृष्णवर्णीयांची मते हवी असलेल्या उमेदवाराकडे अॅडम्स यांनी शाळेची मागणी केली आणि राज्याने शिक्षकांच्या पगारासाठी वर्षाला २,००० डॉलर मंजूर केले. इमारतीसाठी किंवा जमिनीसाठी एक डॉलरही नव्हता. मुख्याध्यापक म्हणून आलेले बुकर टी. वॉशिंग्टन तेव्हा पंचविशीचे होते आणि त्यांचे बालपण गुलामगिरीत गेले होते. पडक्या चर्चमध्ये आणि त्याशेजारच्या खोपट्यात तीस विद्यार्थ्यांनिशी वर्ग भरला. पुढे ५०० डॉलरला एक जुना मळा घेतला. त्यातील निम्मी रक्कम आरंभी द्यायची होती, ती वॉशिंग्टन यांनी ओळखीच्या एका खजिनदाराकडून वैयक्तिक उसनी आणली. पत हेच भांडवल समजून ती जपावी, असा वडीलकीचा सल्ला कॅम्पबेल यांनी त्यांना दिला होता. आपल्या घराघरांतून वडीलधारी मंडळी हेच सांगत आली आहेत.

इमारती विद्यार्थ्यांनी स्वतः बांधाव्यात, असा वॉशिंग्टन यांचा आग्रह होता. गावात वीटभट्टी नव्हती, म्हणून त्यांनी भट्टी लावली. ती फसली. दुसरी फसली, तिसरीही फसली. चौथ्या भट्टीसाठी पैसे उरले नव्हते, तेव्हा वॉशिंग्टन यांनी आपले घड्याळ गहाण टाकून १५ डॉलर उभे केले, आणि ती भट्टी साधली. विटा चांगल्या निघू लागल्यावर शाळेविषयी ज्यांना आस्था नव्हती असे गोरे रहिवासीसुद्धा विटा घेण्यासाठी शाळेच्या दारी आले. उत्तम मालाला गिऱ्हाईक वर्ण विचारीत नाही, हा अनुभव वॉशिंग्टन यांनी आयुष्यभर सांगितला. पुढे सुतारकाम, लोहारकाम, गाड्या तयार करणे, छपाई, शिवणकाम असे अनेक विभाग उभे राहिले. ज्यांना खर्च झेपत नसे ते दिवसा दहा तास काम करीत आणि रात्री दोन तास शिकत. स्नान आणि दात घासण्याच्या ब्रशाविषयीची शिस्त तर इतकी कडक होती की, ब्रश जवळ असणे ही जणू प्रवेशाची अट मानली जाई. हे वाचताना स्वावलंबी शिक्षणाचे ब्रीद घेऊन वसतिगृहे चालविणारे आपले कर्मवीर भाऊराव पाटील आणि त्यासाठी अंगावरचे दागिने देणाऱ्या लक्ष्मीबाई यांची आठवण होणे स्वाभाविक आहे.

वॉशिंग्टन यांच्या आत्मचरित्रात एका वृद्ध स्त्रीचा प्रसंग आहे. सत्तरीची, गुलामगिरीत आयुष्य गेलेली, अंगावर चिंध्या असलेली ती बाई काठी टेकत आली आणि साठवून ठेवलेली सहा अंडी तिने मुलांच्या शिक्षणासाठी पुढे केली. ती वस्तू आपल्या आहारविचारात बसणारी नाही; परंतु जवळ होते तेवढे सर्व तिने दिले, हा भाव आपल्याला ओळखीचा आहे. पुढे मोठमोठ्या देणग्या मिळूनही या दानाइतके कशानेच मन हलले नाही, असे वॉशिंग्टन यांनी नमूद केले आहे.

संस्था मोठी झाली, तरी भोवतालच्या खेड्यांतील मुलांची स्थिती फारशी बदलली नव्हती. शाळा म्हणजे चर्चची खोली किंवा फटी पडलेली लाकडी झोपडी. वर्ष काही महिन्यांचे, आणि वेचणीच्या दिवसांत मुले शेतावर. शिक्षणाचा सार्वजनिक निधी गोऱ्या अधिकाऱ्यांच्या हातून वाटला जाई आणि कृष्णवर्णीय मुलांच्या वाट्याला त्यातील अल्प अंश येई. १९०१ च्या राज्यघटनेने अलाबामातील बहुतेक कृष्णवर्णीयांचा मताधिकारच काढून घेतल्यामुळे दाद मागण्याचा मार्गही उरला नाही. राजकीय हक्कांचा प्रश्न वॉशिंग्टन यांनी मागे ठेवला, अशी टीका डब्ल्यू. ई. बी. डू बॉइस यांच्यासारख्या विद्वानांनी केली, आणि तीत तथ्य होते.

येथे आणखी एका व्यापाऱ्याचा प्रवेश होतो. ज्यूलियस रोझेनवाल्ड हे शिकागोतील सीअर्स, रोबक या टपालाने माल विकणाऱ्या पेढीचे प्रमुख, धर्माने ज्यू, कापड-व्यापाऱ्याचे चिरंजीव. त्यांची जाडजूड सूचिपत्रे दक्षिणेतील खेड्यांत पोहोचत. चौकातील अनेक दुकानांत कृष्णवर्णीय गिऱ्हाइकाला गोऱ्याचे काम होईपर्यंत ताटकळावे लागे. सूचिपत्रातील भाव मात्र सर्वांना सारखा आणि छापील असे. स्थानिक दुकानदारांना ही स्पर्धा रुचणे शक्यच नव्हते.

रोझेनवाल्ड १९१२ साली टस्कीगी संस्थेचे विश्वस्त झाले. त्याच वर्षी पन्नासाव्या वाढदिवसानिमित्त त्यांनी दिलेल्या २५,००० डॉलरच्या देणगीतून काही रक्कम शिल्लक राहिली. तीतून जवळपास सहा लहान ग्रामीण शाळा बांधून पाहाव्यात, असे वॉशिंग्टन यांनी सुचविले. पहिली शाळा शेजारच्या परगण्यात लोचापोका येथे १९१३ साली उभी राहिली. रोझेनवाल्ड यांचा वाटा ३०० डॉलर होता. उरलेली रक्कम त्या वस्तीने आणि काही गोऱ्या शेजाऱ्यांनी जमविली.

पुढे हीच अट कायम झाली. दाता सर्व पैसे देणार नाही. वस्तीने आपला भाग रोखीने, लाकडाने, जमिनीने किंवा श्रमाने उभा करावा. शाळा सरकारी व्यवस्थेत घेऊन शिक्षकांचा पगार परगण्याने द्यावा. कोठे शेताचा एक तुकडा शाळेच्या नावाने पेरला जाई आणि त्याचा कापूस विकून वर्गणी भरली जाई. वीज नसलेल्या खेड्यांसाठी मोठ्या खिडक्या पूर्व-पश्चिमेस ठेवून दिवसभर उजेड मिळेल, असे नकाशे काढण्यात आले.

१९३२ पर्यंत पंधरा राज्यांत ४,९७७ शाळा बांधल्या गेल्या. शिक्षकांची घरे आणि कर्मशाळा धरून इमारती ५,३५७ झाल्या. एकूण खर्च सुमारे २ कोटी ८४ लाख डॉलर. त्यांपैकी रोझेनवाल्ड निधीचे सुमारे ४३ लाख, गोऱ्या शेजाऱ्यांचे सुमारे १२ लाख आणि कृष्णवर्णीय कुटुंबांचे सुमारे ४७ लाख. बाकी रक्कम सार्वजनिक करांतून आली. म्हणजे ज्यांच्या नावे चौकातील खातेवहीत बाकी निघत होती, त्या शेतकऱ्यांनी त्या कोट्यधीशापेक्षा अधिक दिले. शिवाय करही त्यांनी भरलेच होते, म्हणून एकाच शाळेचे पैसे त्यांनी दोनदा मोजले. हा अन्याय नोंदवलाच पाहिजे. त्याचबरोबर हेही खरे की, शाळेवर दात्याचे नाव असले तरी ती आपली आहे, असे म्हणण्याचा हक्क त्या वस्तीने विकत घेतला होता.

रोझेनवाल्ड यांची आणखी एक गोष्ट आपल्या समाजातील विश्वस्त मंडळींनी विचारात घ्यावी अशी आहे. कायम ठेवीवर चालणारे दान त्यांना मान्य नव्हते. आपल्या मृत्यूनंतर पंचवीस वर्षांत निधीचा पैसा व मुद्दल संपविलेच पाहिजे, असे त्यांनी लिहून ठेवले. त्यांचे निधन १९३२ साली झाले आणि निधीचे काम १९४८ सालीच पूर्ण होऊन तो बंद झाला. अपरिग्रह हा शब्द त्यांनी ऐकला असण्याचे कारण नाही. परंतु दानाच्या ठेवीचाही परिग्रह होऊ शकतो, ही जाणीव त्यांना होती.

वॉशिंग्टन १९१५ साली निवर्तले. त्यांची समाधी संस्थेच्याच आवारात आहे. १९५४ साली सर्वोच्च न्यायालयाने वर्णभेदी शाळा घटनाबाह्य ठरविल्यावर या ग्रामीण शाळा हळूहळू बंद पडल्या. टस्कीगीची संस्था आज विद्यापीठ आहे आणि तिचा जुना भाग राष्ट्रीय ऐतिहासिक स्थळ म्हणून जतन केलेला आहे. वॉशिंग्टन यांचे ‘द ओक्स’ हे निवासस्थान तेथे उभे आहे. त्याच्या लाल विटा विद्यार्थ्यांनी थापलेल्या आणि भाजलेल्या आहेत.

आहार, औषध, ज्ञान आणि अभय अशी चार दाने आपल्याकडे सांगितली आहेत. टस्कीगीच्या परिसरात ज्ञान आणि अभय ही दोन्ही एकाच वर्गखोलीत हाताला लागली. बेरीज-वजाबाकी शिकलेले मूल वडिलांबरोबर दुकानात उभे राहून खातेवही वाचू लागले, की त्या घराची भीती थोडी कमी होई. आपल्या वर्गण्यांतून आज वसतिगृहे, शिष्यवृत्त्या आणि शाळा उभ्या राहत आहेत. त्यांची योजना करताना पाटीवर कोणाचे नाव घालायचे याची चर्चा अवश्य व्हावी. परंतु ज्यांच्यासाठी ते काम आहे त्यांचा वाटा त्यात कोठे आणि किती राहील, हा प्रश्न तिच्या आधी विचारला जावा.