मुक्काम किती दिवसांचा?

होसकोटे



दौऱ्यावरच्या गवयाचे किंवा साथीदाराचे कुटुंब लहान लेकरासह त्याच्याबरोबर हिंडते, तेव्हा त्याची सोय-गैरसोय अंतरावर कमी आणि मुक्कामावर जास्त ठरते. एका गावी महिनाभर राहायचे असेल तर दीड-दोन वर्षांचे मूल चार दिवसांत तिथले अंगण ओळखू लागते. रोज नवे गाव म्हटले की त्याच मुलाची झोप, भूक आणि पोट तिन्ही बिघडतात. मराठी मुलखाला या दोन्ही तऱ्हा जुन्या काळापासून ठाऊक आहेत.

लांब मुक्कामाची तऱ्हा संगीत नाटक मंडळ्यांची. पडदे, देखावे आणि कपड्यांच्या पेट्या आगगाडीने पुढे जात, मागून माणसे. एका शहरी महिना-दोन महिने खेळ चालत, पावसाळ्यात मुक्काम आणखी लांबे. बिऱ्हाडे कंपनीच्या भाड्याची, जेवण बहुधा कंपनीच्या भटारखान्यात. त्यामुळे तान्ह्या मुलाच्या आईमागे चूल नसे आणि घटकाभर मूल घ्यायला शेजारच्या बिऱ्हाडातली बाई असे. ही सोय कोणी मुलांसाठी म्हणून केलेली नव्हती. शंभर माणसे एकत्र पोसायची तर ती आपोआप होत होती. मूल चालू-बोलू लागले की कंपनीला त्याचा उपयोगही होता. 'शाकुंतला'तला सर्वदमन, 'मृच्छकटिका'तला रोहसेन या भूमिकांना लहान मुलेच लागत.

मंगेशकरांचे घर या तऱ्हेचे ठळक उदाहरण. दीनानाथांनी चिंतामणराव कोल्हटकर आणि कृष्णराव कोल्हापुरे यांच्यासह १९१८ मध्ये बळवंत संगीत मंडळी काढली. थोरल्या लताबाई १९२९ मध्ये इंदुरात जन्मल्या, आशाबाई १९३३ मध्ये सांगलीच्या बाजूला. लताबाईंचे पाळण्यातले नाव हेमा. पुढे वडिलांच्या 'भावबंधन' नाटकातल्या लतिकेवरून ते बदलले. घर आणि कंपनी यांच्यात भिंत अशी नव्हतीच. लहानपणी वडिलांच्याच कंपनीत लताबाईंनी 'सौभद्रा'तला नारद उभा केला. मात्र याची दुसरी बाजू कडू आहे. मंडळी हेच घर असले की मंडळी बसताच घरही बसते. बळवंत मंडळी बंद पडली, १९४२ च्या एप्रिलमध्ये दीनानाथ गेले, आणि तेराही पुरी न झालेल्या मुलीला पाच भावंडांच्या संसारासाठी कामाला लागावे लागले.

तिकिटे विकली गेली की खेळ ठरला, मग घरात काहीही होवो. १९११ च्या मार्चमध्ये मुंबईत 'मानापमाना'चा पहिला प्रयोग होता आणि त्याच दिवशी बालगंधर्वांची पहिली मुलगी दगावली. प्रयोग झाला. या प्रसंगाचे गोडवे पुष्कळ गायले गेले आहेत. त्या मुलीच्या आईने तो दिवस कसा काढला, हे मात्र फारसे कोणी विचारलेले दिसत नाही.

रोजच्या मुक्कामाची तऱ्हा तमाशाच्या ढोलकी फडाची. दसऱ्याला फड बाहेर पडतात आणि बुद्धपौर्णिमेच्या सुमाराला हंगाम आटोपतो. नारायणगावी राहुट्या लागतात, यात्रा कमिट्यांचे लोक येऊन सुपाऱ्या देतात. एकदा यात्रांचा मोसम लागला की आज या गावी, उद्या त्या. गण-गवळण, बतावणी, वग असे करत मध्यरात्र उलटते, मग कनात गुंडाळायची, खांब उपसायचे आणि सगळे ट्रकमध्ये चढवायचे. कपड्यांच्या पेट्या आणि गाद्यांच्या वळकट्या यांच्या बेचक्यात चादर टाकलेली असते. मूल तिथे झोपते आणि पुढच्या गावाच्या माळावर जागे होते. आई त्याच वेळी रात्रीची झोप भरून काढत असते, म्हणून सकाळी मुलाला बघणारी फडातली म्हातारी फार मोलाची. विठाबाई भाऊ मांग नारायणगावकर खेळ चालू असताना पडद्यामागे बाळंत झाल्या आणि पुन्हा रंगमंचावर आल्या, ही हकीकत महाराष्ट्रभर सांगितली जाते. त्यांच्या कन्या मंगला बनसोडे यांनी पुढे स्वतःचा फड चालवला. फडात वाढलेले मूल ढोलकी शिकते यात नवल नाही. शाळा शिकणे अवघड, कारण वर्षाचे सातेक महिने शाळेच्या हजेरीपटावर त्याचे नाव असते आणि ते स्वतः नसते.

मैफलीच्या गवयांनी बहुधा निराळीच वाट धरली: कुटुंब घरी, गवई बाहेर. अब्दुल करीम खाँसाहेबांच्या लेकी हिराबाई (१९०५) आणि सरस्वतीबाई (१९१३) दोघी मिरजेत जन्मल्या. खाँसाहेब मात्र दक्षिणेत दूरवर हिंडले आणि १९३७ मध्ये मद्रासहून पाँडिचेरीला जाताना वाटेतल्या एका लहान स्टेशनावर त्यांनी देह ठेवला.

आजच्या साथीदाराचा दौरा नाटकमंडळीपेक्षा फडाच्या जवळचा, फक्त ट्रकऐवजी विमान. बंगळूरला श्रीरामसेवा मंडळीचा रामनवमीचा उत्सव १९३९ पासून चालतो आणि तो अनेक आठवडे असतो, पण त्यात एका कलावंताच्या वाट्याला येते एक संध्याकाळ. भटारखाना नाही, शेजारचे बिऱ्हाड नाही. कंपनीत दहा जणींत वाटली जाणारी कामे एकट्या आईवर येतात. म्हणून सोबत जायचे ते मुक्काम जोडून. एखाद्या गावी आठवडा राहायचे आणि आसपासच्या कार्यक्रमांना कलावंताने एकट्याने जाऊन परत यायचे. बंगळूरजवळचे होसकोटे यासाठी बरे. चेन्नईकडे जाणारा राष्ट्रीय महामार्ग दारातून, कोलार पुढ्यात, व्हाइटफील्ड स्टेशन जवळ, देवनहळ्ळीचा विमानतळ शहरातली गर्दी टाळून गाठता येतो. हा मुलूख शहाजीराजांच्या जहागिरीतला, त्यामुळे मराठी इथल्या कानांना अगदी परकी नाही.

खाण्याचे म्हणाल तर हा नाचणीचा प्रदेश. मोड आणून, सावलीत वाळवून, दळून वस्त्रगाळ केलेले सत्त्व डब्यात असले की वाटेत ते पाण्यात नीट शिजवले की झाले. रेल्वेत पाच वर्षांखालच्या मुलाला वेगळा बर्थ घेतला नाही तर तिकीट नाही. पण रात्रभराच्या प्रवासात बर्थ घ्यावा, ती काटकसर दुसऱ्या दिवशी महाग पडते. विमानात दोन वर्षांपर्यंत मूल मांडीवर चालते. उतरताना त्याला दूध पाजत राहिले की कानांना दडे बसून ते सहसा दुखत नाहीत.

कानांची खरी काळजी मंडपात घ्यावी लागते. मोठ्यांसाठी धरलेली मर्यादा ८५ डेसिबलला आठ तास अशी आहे, आणि दर ३ डेसिबल वाढीला ती वेळ निम्मी होते. म्हणजे १०० डेसिबलला पंधरा मिनिटे. मुलाला यापेक्षाही जपायचे. लाउडस्पीकरच्या समोर किंवा विंगेत त्याला घेऊन बसू नये, मागच्या दारापाशी बसावे आणि कानांवर लहान मुलांचे इअरमफ असावेत. आणि बाबा मंचावर असताना मूल कोणाच्या कडेवर असणार, हे सुपारी घेतानाच ठरवून आयोजकांना सांगावे. त्या माणसाचे भाडे-जेवण मानधनाच्या बोलीतच धरायचे, नंतर मागायचे नाही.

— मावशी